वहीला भोक पडतं तेव्हा



तिसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, पण वही कायम अपुरी. फळ्यावरच्या दहा गणितांपैकी तिची चार-पाचच व्हायची. बऱ्याचदा सांगून झाल्यावर मी वर्णनात्मक नोंदीत लिहून टाकलं, 'लेखनकाम वेळेत पूर्ण करत नाही.' आईलाही सांगितलं, जरा आळस करते.

एक दिवस तिच्या शेजारी बसून मी वह्या तपासत होते. ५२ वजा २८ मांडताना तिचा ५ थोडा तिरका आला. तिने खोडला, परत काढला, परत खोडला. चौथ्या वेळी कागदाला भोक पडलं. मग ते पान हळूच फाडून दप्तरात कोंबलं आणि नव्या पानावर तारीख घालायला लागली. आळशी मूल एवढी मेहनत कशाला करेल? १०० पानी वहीत निम्मीच पानं उरली होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, चुकलं की वही घाण होते."

हे तिला कोणी शिकवलं? खरं सांगायचं तर मीच. दर शनिवारी तिची वही वर्गाला दाखवून मी म्हणायचे, "बघा, एकही खाडाखोड नाही!" कौतुकच होतं ते. पण तिच्यापर्यंत पोहोचलं ते असं, की खाडाखोड झाली तर ही वही दाखवण्यासारखी राहणार नाही.

नीटनेटकेपणाची आवड आणि चुकण्याची भीती बाहेरून सारख्याच दिसतात. ओळखायचं कसं? आवड असलेलं मूल काम संपवून खूश होतं. भीती असलेलं मूल काम सुरूच करत नाही, किंवा संपलं तरी त्याला त्यातला एकच डाग दिसतो. उत्तर येत असून हात वर न करणारी, खेळात हरायला लागलं की "मला नाही खेळायचं" म्हणणारी मुलं आठवून बघा. १९९१ मध्ये पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अचूकपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि 'मी अचूक असलो तरच लोक मला चांगलं म्हणतील' ही समजूत. माझ्या विद्यार्थिनीचा हा तिसरा प्रकार.

कौतुकाबद्दल क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत केलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात अपयश आल्यावर 'हुशार' म्हटलेल्या मुलांचा उत्साह जास्त ओसरला, पुढच्या कोड्यांतली कामगिरीही घसरली. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले! हुशार हे बिरूद टिकवायचं ओझं असतं, दुसरं काय. अर्थात, शब्द बदलले की सगळं जादूसारखं बदलतं असं मात्र नाही.

मी आधी चुकीचाच उपाय केला. सगळ्यांचे खोडरबर गोळा केले. ती रडली आणि दोन दिवस वहीच उघडेना. मग रबर परत दिले आणि प्रत्येकाला एक कच्ची वही केली. त्यात रबर वापरायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं. पहिल्या आठवड्यात तिने तीन ओळी लिहिल्या. चालेल म्हटलं.

त्याच सुमारास चुकांकडे बघायची माझीही पद्धत बदलली. ५२ – २८ चं उत्तर काही मुलं ३६ लिहितात. फुली मारून मोकळं होता येतं. पण नीट बघा: २ मधून ८ जात नाहीत म्हणून मुलाने ८ मधून २ वजा केले, मग ५ मधून २. म्हणजे वजाबाकी येते, दशक सुटा करणं समजलेलं नाही. लगेच काड्यांचे गठ्ठे काढायचे, एक सोडायचा, मग २४ त्याचं त्यालाच सापडतं. हे मी ज्याची चूक त्याचं नाव न घेता फळ्यावर करते. कौतुकही आता नेमकं करते: "तू इथे थांबून परत मोजलंस."

मुद्दाम फळ्यावर चुकायचा प्रयोगही केला होता, पण मुलं बनाव लगेच ओळखतात. खरी चूक जास्त उपयोगी पडली. मी 'आशिर्वाद' लिहिलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, शी दीर्घ!" पहिल्यांदा रागच आला. मग रेघ मारून शेजारी 'आशीर्वाद' लिहिलं. ती मुलगी टक लावून बघत होती.

पालकांना एकच विनंती. ९६ गुण आले की 'ते ४ कुठे गेले?' हा पहिला प्रश्न नको. आधी पेपर कसा वाटला ते विचारा. आणि परीक्षेआधी रोज पोट दुखत असेल, झोप लागत नसेल, तर ते नाटक समजू नका. समुपदेशकाशी बोला. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ती मुलगी आता चौथीत आहे. निबंध अजून आधी कच्च्या वहीत लिहिते, वेळेत पूर्ण होतो असंही नेहमी नाही. पण पानं फाडत नाही. तिची ती जुनी नोंद मी नंतर दुरुस्त केली. नोंदवहीत खोडायचं नसतं, म्हणून आडवी रेघ मारून शेजारी सही केली.