प्रवाशाच्या मनांतलें माथेरान

एखाद्या स्थळाचें चित्र प्रवाशाच्या मनांत तेथें पाऊल टाकण्यापूर्वींच तयार झालेलें असतें. हें चित्र म्हणजे केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. त्या स्थळाचे रस्ते, बाजार व झाडी यांचें भवितव्य पुष्कळ अंशीं त्यावरच ठरतें. माथेरान हें याचें बोलकें उदाहरण होय.

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं हा डोंगर हवा खाण्याचें ठिकाण म्हणून पुढें आणला. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर जाऊं लागली. मोटारीला मात्र गांवांत मज्जावच राहिला. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावयाची आणि पुढें पायीं, घोड्यावर किंवा माणसानें ओढलेल्या रिक्षांतून जावयाचें, असा परिपाठ पडला. तांबडी माती, दाट झाडी आणि भोंग्यांवांचूनची शांतता हेंच मुंबईकरांच्या मनांतलें माथेरान होऊन बसलें. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, तेव्हां या चित्रावर जणूं कायद्याचेंहि शिक्कामोर्तब झालें. इतरत्र जी गैरसोय मानली जाते, तीच येथें वैभव ठरली.

परंतु या चित्रांत सर्वच गोष्टी दिसत नाहींत. पावसाळ्यांत वाहून जाणारी माती, वाटेवरची लीद, शाळेस जाणाऱ्या मुलांची व आजारी माणसांची पायपीट यांकडे दोन दिवसांच्या पाहुण्याचें लक्ष क्वचितच जातें. त्याची रिक्षा चढावर ओढणारा माणूस तर त्या शांततेची किंमत स्वतःच्या श्वासानें भरीत आला. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस विघातक ठरविली, सहा महिन्यांत ती बंद करण्यास सांगितलें आणि ओढणारांस विजेवर चालणाऱ्या रिक्षा देण्याचा मार्ग दाखविला. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे बसविण्यास मुभा मिळाली. आंतल्या वाटांवर मात्र मनाई झाली.

या निर्णयांत नियोजनाचें मर्म आहे. प्रवाशाच्या चित्रांतील प्राण कोणता आणि अलंकार कोणता, हें आधीं ओळखावें लागतें. मोटारींचा अभाव हा माथेरानचा प्राण. हातरिक्षा हा केवळ जुन्या सोयीचा अवशेष. सोयीसाठीं मोटार थेट बाजारांत नेली, तर ती सोय मागणारा प्रवासीच उद्यां दुसरा डोंगर शोधील. उलट, चित्र जसेंच्या तसें टिकवावयाचें म्हणून माणसाला जुंपून ठेवणें हें रक्षण नव्हे. पाहुणा कशासाठीं येतो आणि त्याच्या येण्याचा भार कोण वाहतो, हे दोन्ही प्रश्न ज्या योजनेनें विचारले, तीच टिकाऊ होय.