न दिसणाऱ्या कामाची साक्ष

माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात एका वडिलांनी आम्हांस विचारले, “गुरुजी, पोरगी पुण्यात बिझनेस ॲनालिस्ट आहे म्हणते. ती प्रोग्रॅम लिहीत नाही, माल विकत नाही, हिशेबही ठेवत नाही. मग कंपनी तिला पगार कशाचा देते?” प्रश्न भाबडा नाही. पदोन्नतीच्या वेळी कंपनीतील वरिष्ठही हाच प्रश्न विचारतात आणि उत्तर तयार नसेल तर हुशार मुलगीही मागे राहते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. या क्षेत्राची ओळख आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांनीच करून दिली. ती येथे मांडत आहोत.

बिझनेस ॲनालिस्ट म्हणजे व्यवसाय-विश्लेषक. एकीकडे काम करून घेणारे आणि दुसरीकडे संगणक-प्रणाली तयार करणारे. या दोघांच्या मध्ये उभे राहून खरी गरज शोधणे, तपासणे आणि नेमक्या शब्दांत लिहून देणे हे त्याचे काम. वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. समजा, महिनाअखेरीस कोठीतील धान्य अपुरे पडते, म्हणून हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्यावे असे संस्थेने ठरवले. विश्लेषक लगेच सॉफ्टवेअर शोधू लागत नाही. तो गृहपालांशी बोलतो, स्वयंपाकघरात बसतो, हजेरीपट आणि कोठीची वही शेजारी ठेवून वाचतो. तेव्हा ध्यानात येते की दर शनिवारी चाळीस मुले गावी जातात, पण स्वयंपाक पटावरच्या दोनशे मुलांचा होतो. दुखणे निरोपाचे आहे. हजर मुलांचा आकडा रोज दुपारी चारपर्यंत स्वयंपाकघरात पोहोचला की बहुतेक काम भागते. दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग ही आर्यसत्ये ज्यांच्या कानांवर बालपणापासून पडली, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

अडचण पुढे आहे. धान्य पुरू लागले की शाबासकी स्वयंपाक्यांना मिळते, काटकसरीचे श्रेय संस्थेला जाते. प्रश्न विचारणारा कोणाच्या आठवणीत राहत नाही. टळलेले नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने तीन महिने खपून तयार केलेले टिपण एका बैठकीत दुसऱ्यानेच वाचून दाखवले आणि टाळ्या घेतल्या. ती गप्प बसली. “आपण आपले काम करावे, सर, बोलून कशाला दाखवायचे?” असे ती आम्हांस म्हणाली, तेव्हा आम्हीच अंतर्मुख झालो. विनय आम्हीच शिकवला होता. पण ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांचे श्रम दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले, त्यांच्या लेकरांचे मौन हा विनय राहत नाही. ती जुनीच लूट पुढे चालू राहते.

येथे बाबासाहेबांच्या जीवनातील दोन प्रसंग आठवतात. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर, सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ मध्ये प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी शेअर-व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. विद्या तीच, सल्ला तोच; पण तो पारखण्याआधीच नाकारला गेला. दुसरा प्रसंग १५ डिसेंबर १९२५ चा. भारतीय चलनासंबंधी नेमलेल्या शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांनी साक्ष दिली. रुपयावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्येच लंडनला प्रसिद्ध झाला होता. रुपयाचा दर खाली ठेवला तर लाभ कोणाचा आणि भुर्दंड कोणाला, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. व्यापारी-कारखानदारांचा नफा वाढतो, पण महागाईमुळे मजुरीवर जगणाऱ्यांची खरी मिळकत घटते, हे त्यांनी दाखवून दिले. ‘याचा फायदा नेमका कोणाला?’ हाच विश्लेषकाचा पहिला प्रश्न असतो. पेढीवर गिऱ्हाइकाला पाठ फिरवता आली. आयोगापुढे मात्र लेखी निवेदन होते, युक्तिवाद होता आणि त्याखाली नाव होते. ती साक्ष दप्तरात राहिली. आज शंभर वर्षांनीही ती वाचता येते.

आमच्या तरुणांनी यातून व्यवहाराचे धडे घ्यावेत. काम हाती घेताच आधीची स्थिती मोजून लिहून ठेवावी: किती वेळ लागतो, किती चुका होतात, किती पैसा जातो. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या सुधारणेला पुरावा उरत नाही. बैठक संपल्यावर त्याच दिवशी, काय ठरले, कोणी करायचे आणि केव्हापर्यंत, याचे टिपण स्वतःच्या नावाने सर्वांस पाठवावे. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे. हिशेब पाहणाऱ्यास रुपये सांगावेत, काम चालवणाऱ्यास वाचलेले तास सांगावेत. जे अनावश्यक काम आपल्या प्रश्नामुळे थांबले, तेही नोंदवावे. आणि सहकाऱ्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांच्या नावानिशी द्यावे, कारण खोटी साक्ष आपल्या शीलात बसत नाही.

या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संस्था २००३ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे स्थापन झाली. तिच्या परीक्षा देता येतात. वरच्या प्रमाणपत्रासाठी साडेसात हजार तासांच्या अनुभवाची नोंद लागते. म्हणजे तेथेही नोंदवहीच कामी येते. मात्र प्रमाणपत्र दार उघडते. आत टिकवते ते दाखवता येणारे काम.

ती विद्यार्थिनी आता प्रत्येक टिपणावर आपले नाव आणि तारीख घालते. पुढच्या वेळी बैठकीत प्रश्न निघाला, तेव्हा वरिष्ठांनी तिलाच उभे केले. तिच्या आजीला कागदावर अंगठा उमटवावा लागत होता. त्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले, “दादा, प्रश्न नेमका विचारण्याचा आणि उत्तराखाली सही करण्याचा पगार कंपनी तिला देते.”

जयभीम!