बोल्टच्या डोक्यावरचा एफ

जुन्या ग्रीसचा काळा थर रॉकेलच्या बोळ्याने पुसला की काही बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ दिसू लागतो. लफ्फेदार, फोर्डच्या पाटीवर असतो तसाच. निफाडजवळच्या एका शेडमध्ये सध्या एक जुनी लष्करी जीप पूर्ण खोलून ठेवली आहे आणि तिथल्या मिस्त्रींचा बराचसा दिवस हा एफ शोधण्यात जातो. एफ असलेले बोल्ट एका ट्रेत, नसलेले दुसऱ्यात, आणि गंजाने डोके खाल्लेले तिसऱ्यात. तिसरा ट्रे सर्वांत आधी भरला. त्या ट्रेतला एकही बोल्ट मिस्त्री भंगारात जाऊ देत नाहीत. त्यांचा नियम साधा आहे. वस्तू काय आहे ते कळल्याशिवाय ती शेडच्या बाहेर जाणार नाही.

जीप म्हटली की आपल्याला महिंद्रा आठवते. ही त्याआधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी दोन कंपन्या जीप बनवत होत्या. टोलेडोची विलीज-ओव्हरलँड हिने सुमारे 3 लाख 60 हजार बनवल्या आणि फोर्डने विलीजच्याच नकाशांवरून सुमारे 2 लाख 80 हजार. फोर्डच्या जीपचे नाव जीपीडब्ल्यू, त्यातले शेवटचे अक्षर विलीजचे. एकीचा कुठलाही भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट होती. तरीही फोर्डने जवळपास प्रत्येक भागावर, अगदी नटबोल्टांवरही, आपले अक्षर उमटवले. विलीजचा भाग मोडला तर त्याची भरपाई आपल्या गळ्यात पडू नये म्हणून, असे जाणकार सांगतात. सुरुवातीला तर दोन्ही कंपन्या मागच्या पत्र्यावर आपले पूर्ण नावच ठोकत. 1942 च्या मध्यावर सैन्याने ते बंद करायला लावले. बोल्टांवरचा एफ मात्र राहिला, आणि ऐंशी वर्षांनंतर निफाडमध्ये तोच उपयोगी पडतो आहे.

इथे ती कशी आली, याचे उत्तर मालकांच्या घरात तोंडी आहे: देवळालीहून, लिलावातून. देवळालीची छावणी निफाडपासून फार लांब नाही. युद्ध संपल्यावर लष्कराची वाहने मोठ्या संख्येने विकली गेली आणि जुन्या पिढीत ‘डिस्पोजलची जीप’ हा सगळ्यांना कळणारा शब्द होता. या जीपने मळ्यात माणसे वाहिली, लासलगावच्या बाजाराला कांदा ओढला, लग्नात नवरदेव मिरवला. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा तिचे मूळ इंजिन उतरवून पुण्याच्या बजाज टेंपोच्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. त्यासाठी चासीवर चार जाड पट्ट्या वेल्डिंग केल्या. मागचा पत्रा कापून महिंद्राच्या जीपसारखे खाली पडणारे फळके लावले. पुढची जाळीही बदलली. लष्करी जीपच्या जाळीला नऊ उभ्या खाचा असतात, नागरी जीपला सात. या गाडीवर सातची जाळी होती. म्हणजे दुरून पाहणाऱ्याला ही महिंद्राच वाटली असती.

मिस्त्रींच्या जोडीला ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक फिटर येतात. शेडमध्ये सगळे त्यांना काका म्हणतात. ओझर निफाड तालुक्यातच आहे. तिथे 1964 पासून मिग विमानांचे काम सुरू झाले आणि मापाच्या बाबतीत कसलीही सूट न देणारी माणसे या तालुक्यात तयार झाली. काका आले की आधी चष्मा पुसतात, मग थ्रेड गेजची पाती उघडतात आणि बोल्टचे आटे मोजायला लागतात. त्यांच्या शेजारी बसून मी हे काम पाहिले, आणि या गाडीचा इतिहास सर्वांत नेमका कुठे लिहिलेला असेल तर तो आट्यांत, हे मला तिथे पटले.

अमेरिकी बारीक आट्याच्या 3/8 इंची बोल्टला एका इंचात 24 आटे असतात. ब्रिटिश बारीक आट्याला त्याच जाडीत 20. पाते टेकवले की हा फरक लगेच कळतो. जाड आट्याचे प्रकरण अवघड आहे. तिथे अमेरिकी आणि व्हिटवर्थ, दोघांचेही इंचात 16 आटे. फरक फक्त कोनाचा: अमेरिकी आटा 60 अंशांचा, व्हिटवर्थ 55 चा. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि काही वर्षांनी आट्यांची धार झिजून ढिला पडतो. तिसरी भानगड मिलिमीटरची. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, म्हणून तिथे 8 मिमीचा बोल्ट ‘थोडा जोर लावला की जातो’. जातो खरा, पण जाताना भोकातले मूळ आटे कापत जातो. काकांनी एका भोकात टॉर्च मारून मला दाखवले: आत दोन वेगवेगळ्या चालीचे आटे एकमेकांना छेदून गेले होते.

यातून काकांनी एक सोयीची कालगणना बसवली आहे. अमेरिकी बारीक आटा म्हणजे कारखान्यातला किंवा लष्करी डेपोतला. ब्रिटिश आटा म्हणजे गाडी आपल्याकडे आल्यावरची पहिली दुरुस्ती, कारण तेव्हा नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार तेच. आणि मिलिमीटरचा बोल्ट म्हणजे त्यानंतरचा, कारण देशात मेट्रिक मापांचा अंमल 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. हा पुरावा कोर्टात टिकणारा नाही, हे काकाच सांगतात. पण एखाद्या पट्टीचे चारही बोल्ट मिलिमीटरचे निघाले, त्यांच्या भोकांत दुसऱ्या आट्याची खूणही नसली, तर ती पट्टी मूळची नाही असे धरायला हरकत नाही. मॅटाडोरच्या इंजिनासाठी लावलेल्या पट्ट्या अशाच सापडल्या.

आता खरी गंमत ज्यात आहे, त्या भागांकडे येतो. मडगार्डच्या आत एक छोटी बिजागरी होती, तिला फुलपाखरी नट. कुणालाच तिचा अर्थ लागेना, कारण नंतरच्या कुठल्याही गाडीत तिथे बिजागरी नसते. युद्धकाळच्या जीपचे हेडलाइट त्या बिजागरीवर उलटे फिरवता येत, म्हणजे रात्री बॉनेट उघडून इंजिनावरच उजेड पाडता येई. काचेच्या चौकटीच्या खालच्या अंगाला गंजलेल्या दोन पकडी होत्या. त्या बंदूक अडकवण्याच्या निघाल्या. तळाच्या पत्र्यात एक गोल भोक होते आणि कुणीतरी त्यावर पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून ते बंद केले होते. तिथे मुळात बूच होते. नदीनाला ओलांडताना गाडीत पाणी शिरले की बूच काढून ते सोडून द्यायचे. कादवा नदीच्या काठी राहणाऱ्यांनी ते भोक बुजवले, हे मला थोडे नवलाचे वाटले. कदाचित बूच हरवले असेल.

एका बाजूचे चाकाचे नट सुटता सुटेनात, तेव्हा पोऱ्याने पान्याला पाइप लावला. मिस्त्रींनी त्याला हाताने थांबवले. या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, पुढे जाणाऱ्या चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये म्हणून. सोडवायचे तर नट घट्ट करण्याच्या दिशेने फिरवावा लागतो. उजवीकडच्या एका चाकाला मात्र बाहेर दिसणारे आणखी आठ नट होते. ते लढाऊ चाक. त्याची रिम दोन तुकड्यांची असते आणि ते आठ नट दोन्ही तुकडे धरून ठेवतात. टायरात हवा असताना त्यांना पाना लावला तर रिम माणसाच्या अंगावर उडते. जुन्या भागाची ओळख पटवणे हा नुसता हौशी छंद नाही, हे सांगायला एवढे एक चाक पुरेसे आहे.

फोर्डच्या भागांवर कधी कधी नंबरही असतो आणि त्याची पद्धत मला फार आवडली. हजाराच्या घरावरून भागाचे कुळ कळते. 6 हजारांचा नंबर इंजिनाचा, 8 हजारांचा पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा, 9 हजारांचा पेट्रोलच्या वाटेतला. एका वाकड्या पत्र्यावर फक्त पहिला आकडा वाचता आला, 8, आणि मिस्त्रींनी तो थेट रेडिएटरच्या ढिगात ठेवला. दोन दिवसांनी तो तिथेच बसला.

मूळ इंजिन कांद्याच्या चाळीत, जुन्या बारदानाखाली पडून होते. ते आणून धुतले, तेलाच्या फिल्टरजवळच्या सपाट जागेवरचा नंबर घासला, आणि सगळे चक्रावले. अक्षरे निघाली एमबी. म्हणजे इंजिन विलीजचे. चासीचा पुढचा आडवा दांडा मात्र फोर्डचा आहे. विलीजचा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा, आणि इथे यू आहे. मालक थोडे हिरमुसले. इंजिन नंतर कुणीतरी बदलले, गाडी ‘शुद्ध’ नाही, असे त्यांना वाटले.

मला तसे वाटत नाही. परदेशात जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन इंजिन आणि चासीचे नंबर कारखान्याच्या वहीतल्या नोंदीशी जुळतात का ते पाहतात, आणि जुळले तर किंमत बरीच चढते. फेरारी किंवा जॅग्वारच्या बाबतीत ते योग्यही आहे, कारण ती गाडी एका कारखान्यात, एकदाच जुळवलेली असते. युद्धातल्या जीपचा जन्मच अदलाबदलीसाठी झाला. डेपोत एकीचे इंजिन काढून दुसरीत टाकायचे आणि गाडी परत रवाना करायची, ही रोजची रीत होती. 1944 च्या सुरुवातीपासून तर दोन्ही कंपन्यांच्या जीपना बॉडीही एकाच, अमेरिकन सेंट्रल नावाच्या कारखान्यातून येऊ लागली. फोर्डच्या चासीवर विलीजचे इंजिन देवळालीच्या आधीही आलेले असू शकते. तेच इंजिन बसवावे, असे मी मालकांना सांगितले. मिस्त्रींचेही तेच मत पडले.

याला सरकारी बाजूही आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळू शकते. मॅटाडोरच्या डिझेल इंजिनासह ही जीप त्या पाटीच्या जवळपासही फिरकली नसती.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका लोखंडी पायाने खाल्ला. पुढच्या बंपरवर बसवलेला, वीतभर लांब, दोन लांबट खाचांचा. एफ नाही, नंबर नाही, कुठल्याही नकाशात नाही. मला वाटले, तार कापणाऱ्या उभ्या दांड्याचा बुडखा असावा. युरोपात जर्मन सैनिक रस्त्यावर गळ्याच्या उंचीला तार बांधत, म्हणून जीपच्या पुढे तसा दांडा लावत. काकांनी ते लगेच खोडून काढले. खाचांच्या कडांवर छन्नीचे घाव होते. कारखान्यातल्या प्रेसची कड अशी नसते. शिवाय एका कोपऱ्यात, रंगाच्या खाली, निळसर-हिरवा डाग होता. तांब्याचा. लोखंडावर तांबे कुठून आले, यावर शेडमध्ये बराच खल झाला.

उत्तर मालकांच्या आईंनी दिले. चहा घेऊन आल्या, त्या पायाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अरे, हा फवारणीच्या पंपाचा पाय. यांनी लोहाराकडून करून घेतला होता. मागं पिंप, पुढं पंप, आणि मी नळी धरून चालायचे.” द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारत. ते मोरचूद आणि चुन्याचे, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचेच क्षार. डागाचा उलगडा झाला. आई मग बराच वेळ बोलत राहिल्या: मांडवाखालून जीप जायची नाही म्हणून कडेच्या पट्ट्यातच कशी फिरवायची, मोरचुदाने लुगड्याला पडलेले डाग कसे कधीच गेले नाहीत. काकांनी खिशातून डायरी काढून ते सगळे लिहून घेतले.

आता वाद आहे तो बंपरच्या भोकांचा. मिस्त्रींना ती भरून, घासून, वर हिरवा रंग मारायचा आहे. लष्करी बंपरला ती भोके नव्हतीच, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. माझे मत वेगळे आहे. पंपाचा पाय गाडीवर परत लावू नये, तो चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा, हे मान्य. पण भोके भरू नयेत. त्यांच्यामुळे चासीला, बॉडीला किंवा इंजिनाला काही होत नाही. ही जीप सैन्यात फार तर चार-पाच वर्षे होती, निफाडच्या बागेत त्याच्या कित्येक पट. मालकांनी अजून निर्णय दिलेला नाही.

तोवर दुसरे काम चालू आहे. फोर्डने चासीचा नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, इंजिनाच्या पायाजवळ थेट पोलादात ठोकलेला असतो. नेमक्या त्याच जागेवर मॅटाडोरच्या इंजिनाच्या पट्टीचे वेल्डिंग आले आहे. ग्राइंडर लावला तर दहा मिनिटांत जागा मोकळी होईल आणि नंबरही जाईल. म्हणून मिस्त्री कानसीने, थोडे थोडे, वेल्डिंगचा फुगवटा उतरवतात आणि मधूनमधून थांबून त्यावर खडू घासतात. जीपी आणि डब्ल्यू ही अक्षरे वर आली आहेत, पुढचे दोन आकडेही. बाकीच्यांवर अजून वेल्डिंग आहे. काका पुढच्या वेळी येतील तेव्हा भिंग आणणार आहेत.