पळून न जाणारे किडे

युरोपातल्या शाळांमध्ये मुलं काचेच्या पेटीत काडीकिडे पाळतात. दिसायला हुबेहूब वाळकी काडी! त्यातली एक फार लाडकी जात मूळची आपल्या तमिळनाडूच्या डोंगरांतली. पण पेटीला झाकण हवं, नाहीतर ‘काड्या’ चालत चालत थेट पडद्यावर.

आपल्या जालना जिल्ह्यातले शेतकरी एकेका शेडमध्ये चाळीस-पन्नास हजार किडे पाळतात. झाकण? छे! उघड्या रॅकवर तुतीचा पाला आणि त्यावर पांढऱ्या अळ्या. एकही पळत नाही. हे रेशीमकिडे, म्हणजे खरं तर एका पतंगाच्या अळ्या. हजारो वर्षं माणसानं सांभाळल्यामुळे ते पळणंच विसरलेत. पाला संपला तर शोधायला जायचं नाही, तिथेच वाट बघत बसायचं. आयतोबाच म्हणा ना!

अंड्यातून निघते तेव्हा अळी जेमतेम 3 मिलिमीटरची, काळी, मुंगीएवढी. मग खाणं सुरू. अंगाला कातडी घट्ट झाली की डोकं वर करून गप्प बसते. शेतकरी म्हणतात, ‘अळ्या मोल्टला बसल्या.’ तेव्हा पाला बंद, वरून चुन्याची भुकटी भुरभुरायची, म्हणजे पाला सुकतो आणि रोगराई दूर राहते. जुनी कात टाकली की पुन्हा जेवायला तयार. असं 4 वेळा होतं. शेवटच्या आठवड्यात तर पाला पुरवता पुरवता घरच्यांची दमछाक होते. त्या वेळी शेडमध्ये उभं राहा. बाहेर रखरखीत ऊन आणि आत पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी सरसर! हजारो तोंडं एकदम चालू असतात. महिनाभरात अळीचं वजन सुमारे 10 हजार पट होतं. तुमचं असं झालं तर? नकोच ती कल्पना.

लाड मात्र भारी. पाल्यावर औषधाचा फवारा चालत नाही, बाहेरच्या चपला आत चालत नाहीत, आणि मराठवाड्यातला उन्हाळा तर मुळीच सोसत नाही. मग ओली पोती टांगा, कूलर लावा.

पोट भरलं की अळीला ‘चंद्रिका’ नावाच्या जाळीवर सोडतात. डोकं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलवत ती दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. धागा एकच, न तुटलेला, सुमारे 1 किलोमीटर लांब!

हे कोष विकायला पूर्वी पार कर्नाटकातल्या रामनगरला जावं लागे. 2018 मध्ये जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली, राज्यातली पहिली.

कोषात अळीचा पतंग होतो; तो बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून बहुतेक कोष आधीच वाफवतात. वाईट वाटतं खरं. अंड्यांसाठी राखलेल्या कोषांतून मात्र पतंग निघतात. त्यांना पंख असतात, पण उडता येत नाही. खाताही येत नाही. अंडी घालायची आणि चार-आठ दिवसांत संपायचं.

कधी सुकलेला कोष हाती आला, तर कानाशी धरून हलवून बघा. आत काहीतरी खडखडेल.