तिरकस जागेवरील घर

शहराची आखणी करणारा मनुष्य चौकटीच्या कागदावर मोठ्या हौसेने कर्णरेषा ओढतो. ती रेषा ज्या जागांना छेदून जाते त्यांचे पुढे काय होते, याची विवंचना मात्र त्या जागेवर घर बांधू पाहणाराला करावी लागते. अर्जेंटिना देशातील ला प्लाता हे शहर याचे ठळक उदाहरण होय. ब्वेनोस आयरेस प्रांताची राजधानी म्हणून ते १८८२ साली मोकळ्या जमिनीवर नव्याने वसविण्यात आले. परस्परांना काटकोनात छेदणारे रस्ते आणि त्या सर्वांना तिरपे कापीत जाणारे रुंद हमरस्ते, अशी त्याची रचना आहे. नकाशात ती फार देखणी दिसते. प्रत्यक्षात मात्र जेथे तिरपा रस्ता सरळ रस्त्याला मिळतो, किंवा चौकाजवळ रस्ता वळण घेतो, तेथे त्रिकोणी, निमुळते अथवा एका बाजूने कातरल्यासारखे भूखंड उरतात. आपल्याकडेही तिठ्यावर असे तुकडे आढळतात आणि पुष्कळदा पानाची गादी किंवा जाहिरातीची पाटी यापलीकडे तेथे काहीच उभे राहत नाही.

ला प्लातामधील अशाच एका तुकड्यावर डॉ. पेद्रो कुरुचेत या शस्त्रवैद्याला घर बांधावयाचे होते. हे गृहस्थ लोबेरिया या दूरच्या गावी व्यवसाय करीत व शस्त्रक्रियेची हत्यारे स्वतः योजून तयार करण्याचा त्यांना छंद होता. हत्यार हातात नेमके बसले पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या माणसाला घरही तसेच हवे असल्यास नवल नाही. १९४८ साली त्यांनी पॅरिसमधील विख्यात वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्बूझिए यांच्याकडे आपली मागणी पाठविली. एकाच भूखंडावर दवाखाना हवा व कुटुंबासाठी घरही हवे, अशी ती मागणी होती. ल कॉर्बूझिए हे १९२९ मध्ये व्याख्यानांसाठी अर्जेंटिनास जाऊन आले होते. परंतु ही जागा त्यांनी पाहिली नव्हती व पुढेही कधी पाहिली नाही. सारी योजना मोजमापांच्या आधारे १९४९ मध्ये पॅरिसमध्ये बसून तयार झाली.

आता त्या जागेचे गुणदोष पाहू. भूखंड अरुंद. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या घराच्या भिंती चिकटलेल्या, म्हणजे त्या बाजूंना खिडकी नाही. उरली ती रस्त्याकडील बाजू. पण रस्ता तेथे तिरपा असल्याने ती बाजूही इतर दोन बाजूंशी काटकोनात नव्हती. जमेची बाजू एकच होती व ती मोठी होती : समोर चौक व त्यापलीकडे शहराच्या मोठ्या उद्यानाची झाडी. म्हणजे पाहण्यासारखे जे काही होते ते सर्व एकाच दिशेला होते, आणि ऊन, धूळ, वाहनांचा आवाज व येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा याही त्याच दिशेने येणार होत्या.

सामान्य बांधणारा अशा वेळी दर्शनी बाजूस दिवाणखाना काढतो, त्याला शक्य तेवढी मोठी खिडकी ठेवतो आणि उरलेल्या खोल्या मागे एकीला एक लागून रचतो. अशा घरात पुढची खोली तापते आणि मागच्या खोल्या दिवसाही अंधारलेल्या राहतात. खिडकीतून येणारा उजेड खोलीत फार आत जात नाही. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची जी उंची, तिच्या दुपटीपासून अडीचपटीपर्यंतच्या अंतरावर तो कामापुरता पोहोचतो, असा वास्तुविद्येतील एक ढोबळ नियम आहे. ल कॉर्बूझिए यांनी मानवी देहावरून बसविलेल्या आपल्या मापपद्धतीत २.२६ मीटर ही हात वर केलेल्या माणसाची उंची धरली आहे. एवढ्या उंचीची खिडकी घेतली तर उजेड साडेचार ते साडेपाच मीटरपर्यंत मिळेल. त्यापुढे दिवा लावणे आले.

हे ध्यानात घेऊन त्यांनी इमारतीचे दोन तुकडे केले आणि मध्ये अंगण मोकळे सोडले. पुढचा तुकडा दवाखान्याचा. तो खांबांवर उचललेला असून त्याची दर्शनी बाजू रस्त्याच्या तिरप्या रेषेस धरून आहे. मागचा तुकडा घराचा. दोहोंना जोडणारा चढता उतार अंगणातून जातो. त्याच्या पहिल्या टप्प्यावर घराचे दार लागते आणि तेथून उलट वळून दुसऱ्या टप्प्याने रुग्ण दवाखान्यात पोहोचतो. रुग्णाची वाट घरातून जात नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या घरी वाढलेल्या कोणालाही विशेष वाटेल. अंगणात एक झाड वाढू दिलेले आहे.

खरी युक्ती पुढेच आहे. दवाखान्याचे छप्पर सपाट ठेवून त्याची गच्ची केली आणि घराचा बैठकीचा मजला त्या गच्चीच्या पातळीवर आणला. त्यामुळे मागे असलेल्या घरातून दवाखान्याच्या डोक्यावरून थेट उद्यान दिसते. रस्त्यावरील माणसाला मात्र गच्चीचा कठडा दिसतो. त्यामागील माणसे सहसा दिसत नाहीत. जी जागा रस्त्यालगत असल्यामुळे राहण्यास गैरसोयीची, तीच दवाखान्यास सोयीची ठरली.

राहिला प्रश्न उन्हाचा. येथे मराठी वाचकाला क्षणभर थांबून दिशा उलट्या करून घ्याव्या लागतील. ला प्लाता दक्षिण गोलार्धात सुमारे ३५ अंश अक्षांशावर आहे. तेथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो, आणि हे घर साधारणपणे उत्तराभिमुख आहे. डिसेंबरात, म्हणजे तेथील भर उन्हाळ्यात, दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर अंश वर असतो. जूनमधील हिवाळ्यात तो साडेएकतीस अंशांवर उतरतो. खिडकीवर एक मीटर पुढे आलेली आडवी फळी बसविली, तर डिसेंबरात तिची सावली जवळजवळ पाच मीटर खाली पडते आणि जूनमध्ये अवघी साठ सेंटिमीटर. म्हणजे तीच फळी उन्हाळ्यात सारी खिडकी झाकते आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देते. तिला कोणी उघडावे लागत नाही, मिटावे लागत नाही. कुरुचेत यांच्या घराच्या दर्शनी भागावर काँक्रीटच्या आडव्या व उभ्या पट्ट्यांची जी जाळी दिसते ती शोभेची नव्हे. ती अशी सूर्यरोधक जाळी आहे. पट्ट्यांमधून उद्यान दिसत राहते, कारण डोळ्याला समोर पाहावयाचे असते आणि ऊन वरून यावयाचे असते.

लगेच पुढे ल कॉर्बूझिए यांच्याकडे चंडीगडचे काम आले व १९५१ मध्ये ते प्रथम तेथे गेले. तेथील सचिवालयाच्या दर्शनी भागावरील खोल कोनाड्यांची जाळी याच जातीची आहे. चंडीगड सुमारे पावणेएकतीस अंश उत्तर अक्षांशावर असल्याने दक्षिणेकडील खिडकीस हा हिशेब तेथेही चांगला लागू पडतो. परंतु तोच नमुना उचलून पुण्यास लावला तर फसगत होईल. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तेथे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेस गेलेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही थोडी छाया द्यावी लागते, आणि शिवाय पाऊस अडवावा लागतो तो वेगळाच.

देखावा पश्चिमेस असेल तर आडव्या फळीचा उपयोग फार थोडा. सूर्य समोर तीस अंशांवर आला की एक मीटर फळीची सावली साठ सेंटिमीटरही पडत नाही. मुंबईत समुद्र पश्चिमेस, वारा तिकडूनच, आणि पावसाचा मारा व संध्याकाळचे ऊनही तिकडूनच. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पुऱ्या झालेल्या कांचनजंगा या उंच इमारतीत यावर जुन्या बंगल्यांतील व्हरांड्याचा तोडगा वापरला : इमारतीचे कोपरेच कोरून तेथे दोन मजले उंचीच्या बागा काढल्या आणि खोल्या त्यांच्या आड घेतल्या. कोपरा ही अडचण न मानता तोच सावलीसाठी खर्ची घातला.

ला प्लातातील घर मात्र सुखासुखी उभे राहिले नाही. देखरेखीचे काम आमान्सिओ विल्यम्स या तेथील नामांकित वास्तुशिल्पज्ञाने पत्करले व बारीकसारीक तपशिलांचे असंख्य नकाशे काढले. परंतु १९५१ मध्ये ते दूर झाले, त्यानंतर देखरेख करणारी माणसे बदलत गेली आणि काम पुढे कित्येक वर्षे रेंगाळले. एवढ्या प्रतीक्षेनंतर कुरुचेत कुटुंब तेथे थोडीच वर्षे राहिले व डॉक्टर लोबेरियास परतले. २०१६ मध्ये जागतिक वारसा म्हणून ल कॉर्बूझिए यांच्या सात देशांतील सतरा कृती एकत्र नोंदविण्यात आल्या. त्यांत चंडीगडच्या राजधानी-संकुलाबरोबर हेही घर आहे.

त्याआधी २००९ मध्ये या घरात एक अर्जेंटिनी चित्रपट घेण्यात आला. त्याची कथा अशी की, घरमालक एके सकाळी ठोक्यांच्या आवाजाने जागा होतो. शेजारचा मनुष्य सामाईक अंगणाकडील आपली भिंत फोडीत असतो. त्याला तेथे खिडकी हवी असते. घरात थोडे ऊन यावे, एवढेच त्याचे म्हणणे असते.