सरहद्दीवरचं सोलापूर : राज्यं बदलली, शाळेची भाषा बदलली, मुलांचं काय झालं?

सोलापूर जागचं हललेलं नाही, पण त्याच्या भोवतीच्या सरहद्दी मात्र सारख्या हलत राहिल्या. आपल्या घरातली मुलं कोणत्या भाषेत शिकली, कुठवर शिकली आणि कुठे अडली, याचं बरंचसं उत्तर या सरहद्दींमध्ये दडलेलं आहे. आज मुलाला उर्दू माध्यमात घालायचं, मराठीत की इंग्रजीत, हा प्रश्न घरोघरी पडतो. त्याआधी हा इतिहास एकदा नजरेखालून घालायला हवा.

एक शहर, चार विद्यापीठं

दयानंद कॉलेज १९४० साली सुरू झालं तेव्हा सोलापूर मुंबई विद्यापीठाखाली होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि सोलापूर तिकडे गेलं. १९५३ मध्ये संगमेश्वर कॉलेज निघालं ते याच काळात. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आलं, तेव्हा इथली कॉलेजं त्याला जोडली गेली. शेवटी १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं. २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव आहे.

म्हणजे एकाच घरात आजोबांची डिग्री पुण्याची, वडिलांची कोल्हापूरची आणि मुलीची सोलापूरची असू शकते, आणि तिघंही एकाच कॉलेजात शिकलेले असू शकतात! सोलापूरकरांना हे बदल तसे सोसले, कारण दर वेळी विद्यापीठाचं नाव बदललं, शिकण्याची भाषा एका फटक्यात बदलली नाही. पलीकडच्या लोकांचं नशीब वेगळं होतं.

पलीकडे निजामाचं राज्य

सोलापूर १८१८ मध्ये इंग्रजांकडे आलं. पण इथून जेमतेम ४५ किलोमीटरवर असलेलं नळदुर्ग निजामाच्या हद्दीत होतं. तिथली सरहद्दही पक्की नव्हती. १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. सात वर्षांत रयतेचं सरकार दोनदा बदललं.

हैदराबाद संस्थानाचा कारभार आधी फारसीत चालायचा. १८८० च्या दशकात तो उर्दूत आला. १९१७ मध्ये दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं खातं, उघडलं आणि १९१८ मध्ये मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. कायदा, विज्ञान, इतकंच काय डॉक्टरीसुद्धा उर्दूतून! इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, पण माध्यम उर्दू. आपल्या देशातल्या भाषेत सगळं उच्च शिक्षण देता येतं, हे या विद्यापीठाने करून दाखवलं. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघालं. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तिथे प्रिन्सिपल होते.

पण नाण्याला दुसरी बाजूही होती. संस्थानातल्या बहुसंख्य लोकांच्या घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलली जायची. प्राथमिक शाळेत ती भाषा चालायची, पुढे मात्र उर्दूशिवाय गत्यंतर नव्हतं. शेतकऱ्याचं मराठी पोर तिथेच अडायचं. म्हणून खासगी राष्ट्रीय शाळा निघाल्या. धाराशिव भागातली हिप्परग्याची शाळा त्यातलीच. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. हा राग उर्दूवर नव्हता. आपल्या पोराला दार बंद असल्याचा तो राग होता, हे आज आपण मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही.

१९४८ आणि १९५६ : दोन झटके

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याने हैदराबादकडे निघाल्या आणि चार-पाच दिवसांत संस्थान संपलं. त्यानंतर मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांवर काय गुजरलं, ते सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवलं आहे. शाळेच्या बाजूने पाहिलं तर आता दार उलट्या दिशेने बंद झालं. उस्मानियाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेलं. कचेऱ्यांची भाषा बदलली. उर्दूतून चांगला शिकलेला तरुण एकाएकी अर्ज लिहिण्यापासून परका झाला. त्याची हुशारी कमी झाली नव्हती. ज्या एका भाषेवर तो उभा होता, तिच्यामागचं सरकार गेलं होतं.

दुसरा झटका १ नोव्हेंबर १९५६ चा, भाषावार राज्यरचनेचा. मराठवाडा मुंबई राज्यात आला. गुलबर्गा आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले. मुंबई इलाख्यातलं विजापूरही तिकडेच गेलं. सोलापूरचे सोयरे-धायरे या सगळ्या गावांत. बहिणीची मुलं कन्नड शिकू लागली आणि भावाची मराठी. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं आणि तिथल्या मुलांना नवी वाट मिळाली.

भाषावार राज्यं झाली की प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक उरणारच. म्हणून त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी, असं ते सांगतं. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आधीच दिलेला होता.

सोलापूरची वेगळी तऱ्हा

गिरण्या आणि हातमागांमुळे इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांची माणसं एकाच मोहल्ल्यात राहिली. महापालिकेने चारही भाषांच्या शाळा चालवल्या. बालभारती या चारही भाषांत पुस्तकं छापते. आपल्या लोकांनीही हातावर हात ठेवले नाहीत. एम. ए. पानगल अँग्लो उर्दू हायस्कूल, मुलींसाठी बेगम कमरुन्निसा कारीगर हायस्कूल आणि सोलापूर सोशल असोसिएशनचं आर्ट्स अँड कॉमर्स कॉलेज, ज्याला सगळं गाव 'सोशल कॉलेज' म्हणतं, ही त्याचीच फळं. 'अँग्लो उर्दू' या नावातच शहाणपण आहे : घरची भाषा हातात ठेवायची आणि बाहेरची शिकून घ्यायची.

आजची सरहद्द : दहावी आणि अकरावीच्या मध्ये

नकाशावरची सरहद्द आता शांत आहे. पण आपल्या मुलांसमोर रोजची एक सरहद्द उभी आहे. उर्दूतून दहावीला चांगले गुण घेतलेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि पुस्तक एकदम इंग्रजीत येतं. कालपर्यंत 'मुसल्लस' होता, आज 'ट्रँगल'. 'कुव्वत'चं 'फोर्स' झालं. गणित तिला येतं, पण प्रश्न वाचता येत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनाही हाच त्रास होतो, तिथे 'बल'चं 'फोर्स' होतं. २०१८ पासून 'नीट' उर्दूतूनही देता येते. पण पुढे मेडिकल कॉलेजात शिकवणार इंग्रजीतच. इथे जी मुलं गळतात, त्यांना आपण 'डोकं चाललं नाही' म्हणून मोकळे होतो. उस्मानियाच्या त्या तरुणाबद्दलही लोक असंच म्हणाले असतील.

मग करायचं काय? उर्दू सोडायची का? मुळीच नाही. लहान मूल घरच्या भाषेत लवकर शिकतं. पण पालकांनी आणि शाळांच्या कमिट्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, सहावी-सातवीपासून गणित-विज्ञानाचा प्रत्येक शब्द उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वहीत लिहून घ्यायचा. याला पैसा लागत नाही.

दुसरी, मराठीचा तास 'पास होण्यापुरता' समजू नका. स्पर्धा परीक्षा, तलाठ्याची कचेरी, कोर्ट, सगळीकडे मराठीच लागते.

तिसरी, दहावीची परीक्षा आणि अकरावीचा प्रवेश यांच्यामध्ये दोन-तीन महिने मिळतात. त्या दिवसांत मोहल्ल्यातल्या इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षकांनी इंग्रजीतून सायन्सची तोंडओळख करून देणारे वर्ग घ्यावेत. मशिदीच्या शेजारचा हॉल किंवा शाळेची एक खोली पुरते.

सरकारं बदलतात, विद्यापीठं बदलतात, कचेरीची भाषाही बदलते. ज्या पोराच्या हातात एकच भाषा असते, ते दर वेळी पहिल्यांदा पडतं. चार भाषांच्या गावात राहून आपली मुलं एकाच भाषेवर उभी राहावीत, हे आपण होऊ देता कामा नये.