मोबाइलची खरेदी व पक्कें बिल

शेतकरी आपला माल घेऊन बाजार समितींत जातो, तेव्हां अडत्याकडून आलेली हिशेबपट्टी तो ओळीओळीनें पाहतो. वजन किती धरलें, हमाली किती कापली, तोलाई कोणाच्या माथीं बसली, हें विचारल्याशिवाय तो पैसे उचलीत नाहीं. परंतु तोच शेतकरी तालुक्याच्या गांवीं मोबाइल घ्यावयास गेला म्हणजे दहा-बारा हजारांचा व्यवहार बिलाकडे न पाहतां उरकून येतो, असें आमच्या पाहण्यांत वारंवार आलें आहे. विकतांना आपण सावध असतों व घेतांना गाफील राहतों. दुकानदारांविरुद्ध ज्या तक्रारी कानांवर येतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ या गाफीलपणांत आहे.

मोबाइल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. ई-पीक पाहणी महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून याच यंत्रावरून होऊं लागली. बँकेचा ओटीपी, अनुदानाचा संदेश, बाजारभाव व हवामानाचा अंदाज हेंहि सर्व त्यांतच येतें. तेव्हां पंप किंवा फवारणीयंत्र घेतांना जी दक्षता आपण ठेवतों, तीच येथें ठेवणें अवश्य आहे. गिऱ्हाइकांचे अनुभव साधारणतः चार प्रकारचे आढळतात. ते आम्ही क्रमानें मांडतों.

पहिला प्रकार कराचा. बिल मागितलें कीं कित्येक दुकानांत उत्तर मिळतें, "पक्कें बिल हवें असेल तर अठरा टक्के वर पडतील." मोबाइलवर १८ टक्के वस्तु व सेवा कर आहे, हें खरें. १ एप्रिल २०२० पूर्वीं तो १२ टक्के होता. परंतु खोक्यावर छापलेल्या कमाल किमतींत सर्व कर धरलेले असतात, आणि तिच्यावर अधिक घेणें कायद्यास सोडून आहे. कर धरून ११,८०० रुपयांचा जो फोन असतो, त्यांत १०,००० रुपये मालाचे व १,८०० रुपये कराचे असतात. त्याच ११,८०० वर पुन्हां १८ टक्के चढविले तर गिऱ्हाइकाच्या गांठीचे २,१२४ रुपये जास्त जातात. म्हणून भाव ठरवितांनाच तो करासह आहे कीं कराशिवाय, हें स्पष्ट विचारावें. कांहीं लहान दुकानदार कंपोझिशन योजनेंत असतात. त्यांच्या बिलावर कर वेगळा दाखविलेला नसतो व तसा उल्लेख बिलावर असतो. ही लबाडी नव्हे. मात्र अशा दुकानदारास गिऱ्हाइकाकडून कर वेगळा मागतां येत नाहीं. बिल देण्याचें मुळींच नाकारणें हें तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथेंत मोडतें.

दुसरा प्रकार जोडवस्तूंचा. फोनचा भाव एक सांगतात व बिलांत कव्हर, काचेचें आवरण, फुटतुटीचा विमा, वाढीव हमी अशा ओळी पडलेल्या असतात. कित्येकदां "हें फुकट आहे" असें तोंडीं सांगून त्याचीच किंमत फोनच्या रकमेंत मिळविलेली असते. या वस्तु निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या घेणें न घेणें ही गिऱ्हाइकाची मर्जी आहे. विमा घ्यावयाचा तर कंपनी कोणती, मुदत किती व कोणतें नुकसान वगळलें आहे, हें त्याच ठिकाणीं वाचून घ्यावें.

तिसरा प्रकार हप्त्यांचा. आणि आमच्या मतें हाच सर्वांत घातक आहे. "शून्य टक्के व्याज" अशी पाटी दुकानावर असते. आतां एक उदाहरण पाहूं. एखादा फोन रोखीनें ११,२०० रुपयांस मिळतो, पण हप्त्यानें घेतल्यास त्याची किंमत १२,००० धरतात. ४,००० रुपये आधीं द्यावयाचे व पुढें दरमहा १,००० प्रमाणें आठ हप्ते. शिवाय प्रक्रिया शुल्क ३०० व त्यावरील कर ५४, असे ३५४ रुपये पहिल्याच दिवशीं भरावयाचे. रोखीची सूट बुडाली ती ८०० रुपयांची. म्हणजे वस्तुतः ६,८४६ रुपये वापरावयास मिळाले व फेडावे लागले ८,०००. हें व्याज वर्षास ४० टक्क्यांहून अधिक पडतें. ज्या शेतकऱ्यास अल्पमुदतीचें पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनीं मिळतें, त्यानें या पाटीस भुलावें हें नवल होय.

येथें आणखी एक धोका आहे. कर्जाचे कागद मोबाइलच्या पडद्यावर भरले जातात, आणि गिऱ्हाईक दुकानांतील मुलास ओटीपी सांगून मोकळें होतें. ओटीपी सांगणें म्हणजे सही करणें होय. त्या सहीखालीं विम्याचा हप्ता किंवा दुसरी एखादी योजना जोडली गेली, तर ती रक्कम दरमहा खात्यांतून कापली जाते. खात्यांत पैसे नसल्यास दंड बसतो व हप्ता चुकल्याची नोंद सिबिलसारख्या कर्जनोंदणी कंपनीकडे जाते. पुढें बँकेंत कर्ज मागावयास गेलें असतां तीच नोंद आडवी येते. कांहीं शेंकड्यांच्या रकमेपायीं विहिरीचें अगर ट्रॅक्टरचें कर्ज अडून बसावें, ही गोष्ट साधी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेवरून १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांस मुख्य अटींचें विवरणपत्र द्यावें लागतें. त्यांत वार्षिक व्याजाचा खरा दर व सर्व शुल्कें लिहिलेलीं असतात, व तें कर्जदारास समजणाऱ्या भाषेंत असावें असा नियम आहे. तें मागून घ्यावें, वाचावें व मगच ओटीपी सांगावा. शेवटचा हप्ता फिटल्यावर बेबाकी दाखला घेण्यास विसरूं नये.

चौथा प्रकार खुद्द मालाचा. बियाण्याची पिशवी घेतांना बिलावर लॉट नंबर पाहण्याची संवय आतां बहुतेकांस लागली आहे, कारण उगवण न झाल्यास तक्रार त्याच आंकड्यावर उभी राहते. मोबाइलच्या बाबतींत हें काम १५ आंकडी आयएमईआय क्रमांक करतो. दोन सिमांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनवर *#०६# दाबलें कीं ते दिसतात. खोक्यावर, फोनमध्यें व बिलावर हे क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत. खोकें आपल्यासमोर फोडावयास सांगावें. केवायएम हीं अक्षरें, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास फोनची माहिती कळते. उघडलेला किंवा वापरलेला फोन नवा म्हणून माथीं मारला गेल्यास, अगर कंपनीनें हमी नाकारल्यास, या क्रमांकाचें व तारखेचें बिल हाच पुरावा राहतो. फोन चोरीस गेला तर शासनाच्या संचार साथी या व्यवस्थेंतून तो बंद करवितां येतो. तेथेंहि हाच क्रमांक लागतो.

दुकानदारांची बाजूहि आम्ही विसरत नाहीं. फोनच्या विक्रींत नफा थोडा उरतो, ऑनलाइन विक्रीची चुरस मोठी आहे, आणि कर्ज व विमा विकल्यास दलाली मिळते. म्हणून विक्रेत्याचा ओढा त्या बाजूस असतो. सचोटीनें धंदा करणारे दुकानदार पुष्कळ आहेत. ते बिल न मागतांच देतात व बिघाड झाल्यास गिऱ्हाइकाबरोबर सेवा केंद्राशीं बोलतात. शंभर-दोनशें रुपये जास्त पडले तरी अशा दुकानाशींच व्यवहार ठेवावा, असें आम्ही सुचवितों.

फसगत झालीच तर काय करावें? प्रथम दुकानदारास लेखी कळवावें व त्याची प्रत ठेवावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढें जिल्हा ग्राहक आयोग. पांच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस तेथें फी नाहीं, वकील केलाच पाहिजे असें नाहीं, आणि आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार दाखल करतां येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कर्जासंबंधीं तक्रार असल्यास ती आधीं कर्ज देणाऱ्या संस्थेकडे व मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यावी. या सर्व ठिकाणीं पहिला प्रश्न एकच विचारला जाईल, "बिल कोठें आहे?"

याकरितां आमची वाचकांस विनंति आहे कीं, सातबाराच्या उताऱ्याशेजारीं खताचीं, बियाण्याचीं व मोबाइलचीं बिलें ठेवण्यास घरांत एक फाईल करावी. आणि घरांतील शिकलेला मुलगा वा मुलगी यांस खरेदीच्या वेळीं बरोबर न्यावें. दुकानाची पायरी उतरण्यापूर्वीं बिलाची प्रत्येक ओळ मोठ्यानें वाचून घ्यावी. ज्या ओळीचा अर्थ लागत नाहीं, त्या ओळीचे पैसे देऊं नयेत.